कोटणीसांचं रोजचं काम

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस म्हटलं की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास निघतात. एक म्हणजे व्ही. शांताराम यांचा १९४६चा सिनेमा, आणि दुसरी म्हणजे चीनचा कुणी बडा पाहुणा भारतात आला की कोटणीसांच्या नातेवाइकांबरोबर छापून येणारा फोटो. दोन्हींत डॉक्टर दिसतो, डॉक्टरकी दिसत नाही. १० ऑक्टोबर १९१०ला सोलापुरात जन्मलेला, मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेला, अठ्ठाविसावं चालू असताना चीनला जायला बोटीत बसलेला आणि बत्तिसाव्या वर्षी तिथल्या हेबेई प्रांतातल्या एका खेड्यात वारलेला हा माणूस मधल्या चार वर्षांत सकाळी उठून नेमकं काय करत होता? भाषणांत या प्रश्नाला ‘सेवा’ एवढंच उत्तर मिळतं. या लेखात सेवेचा तपशील आहे. ज्यांना जखमेचं वर्णन वाचवत नाही त्यांनी मधले काही परिच्छेद सोडून थेट लग्नापाशी यावं.

पार्श्वभूमी थोडक्यात. जुलै १९३७मध्ये जपानने चीनमध्ये पूर्ण युद्ध पेटवलं. कम्युनिस्टांच्या आठव्या रूट आर्मीचे सेनापती चू ते यांनी नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर आणि औषधं मागितली. १९३८च्या उन्हाळ्यात काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी आवाहन केलं, २२ हजार रुपये जमले आणि पाच डॉक्टरांचं पथक ठरलं. प्रमुख होते अलाहाबादचे डॉ. मदन अटल, स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले, म्हणजे युद्धाची शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिलेले. नागपूरचे डॉ. चोळकर वयाने सर्वांत मोठे. कलकत्त्याचे दोघे, बिजयकुमार बसू आणि देबेश मुखर्जी. आणि कोटणीस. पाचांतले दोघे आपल्याकडचे होते, पण चोळकरांचं नाव नागपूरबाहेर फारसं कुणी घेत नाही, ही खटकणारी गोष्ट आहे. परत आलेल्या माणसाची गोष्ट होत नाही, हेच त्याचं कारण असावं.

१ सप्टेंबर १९३८ला ‘राजपुताना’ बोट मुंबईहून सुटली आणि १७ तारखेला पथक कँटनला उतरलं. ऑक्टोबर संपायच्या आत कँटन आणि हांकौ ही दोन्ही शहरं जपानच्या ताब्यात गेली. पथक तोवर यांगत्सी नदीच्या वरच्या अंगाला, यीचांग आणि पुढे छोंगछिंगकडे सरकलं होतं. येनानला पोचायला १२ फेब्रुवारी १९३९ उजाडला. चोळकर आणि मुखर्जी त्याच वर्षी परतले, अटल १९४०मध्ये, बसू येनानमध्ये १९४३पर्यंत होते. कोटणीस मात्र आणखी पुढे, शत्रूच्या पिछाडीला असलेल्या जिन-चा-जी या डोंगराळ सरहद्द प्रदेशात गेले. चीनमध्ये असतानाच वडील गेल्याची बातमी त्यांना मिळाली. सोलापुरातल्या गिरणीत नोकरी करून आठ मुलं वाढवलेला बाप गेला, तरी थोरल्यांतला डॉक्टर मुलगा परत फिरला नाही. घरच्यांच्या बाजूने पाहिलं तर ही गोष्ट नुसती कौतुकाची नाही.

आता त्या प्रदेशाची अडचण काय होती ते पाहू. वूताइ पर्वताच्या आसपासचा तो भाग, गाडीचे रस्ते नाहीत. लढाई एका खोऱ्यात होते आणि दवाखाना दोन-तीन खोरी पलीकडे असतो. जखमीला स्ट्रेचरवरून गावकरी उचलून आणतात. एका स्ट्रेचरला चार खांदेकरी, आणि डोंगर चढायचा तर बदलीचे आणखी चार. दिवसा विमानं आणि टेहळणीची भीती, म्हणून प्रवास रात्रीचा. जखमेतले जंतू तोवर थांबत नाहीत. गोळी किंवा बॉम्बचा तुकडा आत शिरताना कपड्याची चिंधी, माती, शेतातलं शेणखत बरोबर घेऊन जातो. पहिल्या सहा-आठ तासांत जखम साफ केली तर निभावतं; त्यानंतर जंतू निर्जीव झालेल्या स्नायूंत मूळ धरतात. म्हणजे उत्तम सर्जन, पण एका दिवसाच्या अंतरावर, याचा उपयोग अर्धाच.

हे गणित आधी सोडवलं होतं कॅनडाच्या डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी. जखमीने डॉक्टरकडे यायचं नाही, डॉक्टरने जखमीकडे जायचं. त्यासाठी त्यांनी खेचराच्या पाठीवर बसेल असं लाकडी खोगीर बनवून घेतलं होतं, दोन्ही बाजूंना खण आणि वरून कमान. आकारावरून त्याला बेजिंगजवळच्या मार्को पोलो पुलाचं चिनी नाव पडलं, लुकौछ्याओ. १०० शस्त्रक्रिया, ५०० ड्रेसिंग आणि ५०० औषधयोजना एवढं सामान त्यात बसायचं. दोन-तीन खेचरं, एक दार काढून केलेलं टेबल, की झालं ऑपरेशन थिएटर. बेथ्यून १२ नोव्हेंबर १९३९ला गेले. हातमोजे नसताना शस्त्रक्रिया करताना बोटाला चीर पडली, नंतर एका पू झालेल्या जखमेतले जंतू तिथून शिरले आणि रक्तात पसरले. पेनिसिलीन तेव्हा कुणालाच उपलब्ध नव्हतं. कोटणीस आणि बेथ्यून यांची भेट कधी झालीच नाही. पण कोटणिसांनी पुढे जे चालवलं ते बेथ्यूनचंच दुकान, हे ते स्वतःही मानत.

जखमी टेबलावर आला की त्या काळच्या कोणत्याही आघाडीवरच्या सर्जनला कामं एका ठरलेल्या क्रमानेच करावी लागत, आणि प्रत्येक पायरीवर काहीतरी बिघडायची सोय होती.

पहिली गोष्ट रक्तस्राव. शिपायांनी जागेवरच टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायचा पट्टा, आवळलेलं असायचं. ते दोन तासांपेक्षा जास्त राहिलं तर खालचा भाग मरायला लागतो, आणि स्ट्रेचरवर सहा तास गेलेल्या माणसाच्या पायाला ते तसंच असेल तर पाय कापण्याला पर्याय उरत नाही. म्हणून टूर्निकेटला बांधल्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी लागते. चिठ्ठी लिहायला लिहिता येणारा माणूस लागतो. आघाडीवरच्या मदतनिसांना अक्षरओळख आणि प्रथमोपचार एकत्र शिकवायची वेळ यायची ती यामुळे. शक्यतो टूर्निकेट न बांधता जखमेवर जाड पॅड ठेवून घट्ट दाबपट्टी बांधणं हे बहुतेक वेळा पुरतं, आणि हात-पाय वाचतो.

मग भूल. ईथर किंवा क्लोरोफॉर्म, तारेच्या मास्कवर गॉज ताणून त्यावर थेंब थेंब सोडायचं. ईथर हृदयाला तुलनेने सौम्य, पण पेट घेतं, आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीवर पसरते. कंदिलाच्या उजेडात शस्त्रक्रिया चालली असेल तर कंदील टेबलापेक्षा उंच टांगायचा, खाली ठेवायचा नाही. थंडीसाठी पेटवलेली कोळशाची शेगडी तर खोलीबाहेरच. क्लोरोफॉर्म पेटत नाही, कमी लागतं, बाटली खेचरावरून न्यायला सोपी. पण घाईने जास्त दिलं तर हृदय थांबतं, तेही सुरुवातीच्या काही मिनिटांतच. थेंब टाकणारा माणूस नवशिका असेल तर सर्जनचा अर्धा जीव तिकडे.

नंतर खरं काम, जखम साफ करणं. यात कौशल्य शिवण्यात नाही, न शिवण्यात आहे. चीर मोठी करायची, आतला खिसा उघडायचा, आणि मेलेला स्नायू कापून काढायचा. मेलेला कोणता हे ओळखायची खूण सोपी आहे: रंग काळपट, चिमट्याने दाबला तर आकसत नाही, कापला तर रक्त येत नाही. जिवंत स्नायू चिमटा लावताच थरथरतो. तो दिसेपर्यंत कापत जायचं. नवा सर्जन इथे हात आखडता घेतो. त्याला वाटतं जेवढं मांस वाचवू तेवढं बरं. त्याने ठेवलेल्या त्या तुकड्यात हवा न लागणारे जंतू वाढतात आणि दोन दिवसांत गॅस गँगरीन होतं: जखमेभोवती दाबलं की त्वचेखाली करकर लागते, गोडसर कुजका वास येतो, पाय तासातासाने फुगतो. मग मांडीपासून पाय काढावा लागतो, आणि तरीही माणूस वाचेलच असं नाही.

साफ केलेली जखम उघडी ठेवायची. व्हॅसलिन लावलेलं गॉज सैल भरायचं. घट्ट कोंबलं तर तेच बूच होतं, पू आत कोंडतो. चार-पाच दिवसांनी जखम लाल, स्वच्छ दिसली तर तेव्हा टाके. शहरातल्या रुग्णालयात शिकून आलेल्या तरुणाला ही उलटी पद्धत पचायला वेळ लागतो, कारण तिथे टाके सुबक आले की काम सुबक. जखमा धुवायला अर्धा टक्का सोडियम हायपोक्लोराइटचं डेकिन द्रावण वापरायचे, पण ते उजेडात आणि उन्हाळ्यात लवकर निकामी होतं. ताजं बनवायचं, गडद बाटलीत ठेवायचं, नाहीतर आपण नुसतं खारट पाणी ओततोय हे कळतही नाही. सल्फा औषधं १९३५नंतर आली होती, पण नाकेबंदीतून ती या डोंगरात पोचायची मूठभर.

मांडीचं हाड मोडलेला जखमी सगळ्यांत अवघड. मोडलेल्या मांडीत लिटर-दीड लिटर रक्त बाहेर न दिसता साठतं. खपची न बांधता स्ट्रेचरवर नेलं तर प्रत्येक धक्क्याला हाडाचं टोक स्नायूत घुसतं आणि माणूस वाटेतच जातो. पहिल्या महायुद्धात थॉमस स्प्लिंट सर्रास वापरायला लागल्यावर अशा जखमींचे मृत्यू झपाट्याने घटले होते. जांघेत बसणारं एक कडं, पायाच्या दोन बाजूंना सळ्या, आणि टाचेकडून ओढ देणारी पट्टी, एवढीच ती वस्तू. गावच्या लोहाराला आणि सुताराला एक नमुना दाखवला की ते करून देतात. ओढ कमी पडली तर उपयोग नाही, जास्त झाली तर टाचेला आणि जांघेत जखम होते. म्हणून रोज दोनदा बोट घालून बघायचं.

रक्त देणं म्हणजे तर कसरतच. फ्रिज नाही, म्हणून साठा नाही. रक्तदाता हाच साठा. रक्तगट तपासायचं सीरम उष्णतेने खराब होतं, त्यामुळे थंडीच्या दिवसांत आसपासच्या गावकऱ्यांचे आणि कर्मचाऱ्यांचे गट तपासून यादी करून ठेवायची, आणि वेळ आली की ‘ओ’ गटाच्या माणसाला हाक मारायची. एका वेळी ३०० मिलिलिटर, सोडियम सायट्रेट घातलेल्या भांड्यात, गोठू नये म्हणून हलकेच ढवळत. सुरुवातीला गावकरी घाबरायचे. बेथ्यूननी स्वतःचं रक्त सगळ्यांसमोर काढून दाखवलं तेव्हा ती भीती मोडली.

आणि निर्जंतुकीकरण. प्रेशरचं ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेचं भांडं, नसेल तर नुसत्या वाफेने काम भागत नाही. १०० अंशांना जंतू मरतात, पण त्यांचे बीजाणू राहतात, आणि गॅस गँगरीन व धनुर्वात दोन्ही बीजाणूंचेच रोग. उपाय जुना आहे: कापड आणि गॉज तीन दिवस ओळीने रोज अर्धा-एक तास वाफवायचं, मधल्या वेळात उबदार ठेवायचं. पहिल्या वाफेत वाचलेले बीजाणू रात्रीतून उगवतात आणि दुसऱ्या दिवशीच्या वाफेत मरतात. यासाठी तीन दिवसांचा साठा कायम पुढे हवा. एकाच दिवशी ६० जखमी आले की तो साठा संपतो. वापरलेलं गॉज धुऊन, उकळून, वाळवून पुन्हा गुंडाळणं हे बायका-मुलांचं काम होतं, आणि युद्धाच्या कुठल्याही चित्रात ते कधी दिसत नाही.

१९४०च्या उत्तरार्धात शंभर रेजिमेंटची मोहीम म्हणून ओळखली जाणारी मोठी लढाई झाली. त्यात कोटणिसांच्या तुकडीने १३ दिवसांत ८००हून अधिक जखमी घेतले, आणि ते स्वतः सलग ७२ तास झोपेविना शस्त्रक्रिया करत राहिले, असं सांगितलं जातं. हे ७२ तास प्रत्येक भाषणात येतात आणि टाळ्या घेतात. डॉक्टरने वाचलं तर त्याला जरा वेगळं वाटेल. तिसऱ्या दिवशी हात चालतो, पण निर्णय घसरतो. शिवाय या माणसाला पुढे जो आजार झाला त्याच्यासाठी जागरण म्हणजे आगीत तेल. त्यावर पुढे येतोच.

जानेवारी १९४१मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक झाले. रुग्णालय म्हणजे इमारत डोळ्यांपुढे आणू नका. थांग तालुक्यातलं ककोंग हे गाव, गावकऱ्यांच्या घरांत वाटून ठेवलेले रुग्ण, एखादं मंदिर किंवा मोठं घर शस्त्रक्रियेसाठी. जपानी फौजांच्या झाडाझडत्या १९४१ आणि ४२मध्ये सर्वांत क्रूर होत्या. फौज येते असं कळलं की सगळं हलवायचं. चालता येणारे रुग्ण स्वतः, बाकीचे स्ट्रेचरवर किंवा डोंगरातल्या गुहांत, दाणापाणी आणि एक मदतनीस बरोबर देऊन. अशा वेळी कुणाला हलवायचं आणि कुणाला हलवलं तर तो मरेल, हे संचालकाने अर्ध्या तासात ठरवायचं. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्याला पहिले काही दिवस हलवू नये हा नियम. पण न हलवला तर संगिनीची भीती.

खायला राळे, काळे घेवडे, भोपळा. सोलापूरकडच्या माणसाला राळ्याची ओळख करून द्यायला नको. ज्यादा शिधा आणि भत्ता परदेशी डॉक्टरला मिळायचा, तो त्यांनी नाकारला, हे चिनी आठवणींत वारंवार येतं. शिपाई त्यांना ‘काळी आई’ म्हणत, असंही. चिनी पथकात राहून एक-दीड वर्षात ते चिनी बोलायला, वाचायला आणि बऱ्यापैकी लिहायला शिकले. दुभाष्यामार्फत रुग्णाचा इतिहास घेणं किती फसवं असतं हे ज्याने अनुभवलंय त्याला यातलं मोल कळेल: ‘पोटात दुखतं’ आणि ‘पोटात जळतं’ यांतला फरक दुभाषा खाऊन टाकतो.

माझ्या मते त्यांचं सर्वांत टिकाऊ काम शस्त्रक्रियेचं नव्हे, शिकवण्याचं होतं. बेथ्यूनच्या नावाच्या वैद्यकीय शाळेत खेड्यातली तरुण मुलं यायची, बरीच जेमतेम शाळा शिकलेली. त्यांना पाच वर्षांचा एमबीबीएस शिकवायला कुणाकडे वेळ नव्हता. काय गाळायचं हे ठरवणं हेच शिकवणं होतं: रक्तवाहिनी बांधणं, गळू फोडणं, हात-पाय कापणं, जखम साफ करणं, खपची लावणं हे पक्कं, बाकीचं नंतर. त्यासाठी त्यांनी शस्त्रक्रियेची पाठ्यपुस्तकं लिहायला घेतली. सामान्य तत्त्वांचं पहिलं पूर्ण झालं. एकेका अवयवाच्या शस्त्रक्रियांचं दुसरं अर्धवट राहिलं.

आता लग्न. जून १९४०मध्ये बेथ्यूनच्या समाधीच्या उद्घाटनाला गुओ छिंगलान यांनी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. त्या शाळेत नर्सिंग शिकवायच्या. शिक्षण पेकिंगच्या युनियन मेडिकल कॉलेजातलं. हा परदेशी डॉक्टर चिनीत बोलतो याचंच त्यांना आधी नवल वाटलं. पुढे एकाच शाळेत काम, एकाच रुग्णालयात ये-जा, आणि १९४१च्या अखेरीस साधेपणाने लग्न. सिनेमात या भागाला भरपूर जागा आहे. प्रत्यक्षात दोघांना एकत्र संसार मिळाला तो जेमतेम एका वर्षाचा, तोही पळापळीचा. २३ ऑगस्ट १९४२ला मुलगा झाला. सेनापती न्ये रोंगचेन यांनी नाव सुचवलं यिनहुआ, भारत आणि चीन या दोन देशांच्या चिनी नावांतलं एकेक अक्षर घेऊन.

कोटणिसांना फिट यायच्या. १९४२मध्ये त्या वाढल्या. उपचारासाठी सुरक्षित भागात जावं असा आग्रह वरिष्ठांनी केला. ते गेले नाहीत. हेही त्यागाच्या यादीत मोडतं, पण इथे जरा थांबून नीट पाहू. अपस्माराचं औषध तेव्हा होतं. फेनोबार्बिटोन १९१२पासून वापरात होतं, फेनिटोइनवरचं संशोधन १९३८मध्ये प्रसिद्ध झालं होतं. अडचण औषध नसण्याइतकीच ते नियमित नसण्याची. फेनोबार्बिटोन रोज घेत असलेल्या माणसाचा पुरवठा अचानक तुटला तर फिट आधीपेक्षा जोरात आणि लागोपाठ येतात. नाकेबंदीत पुरवठा तुटणं हाच नियम. त्यात जागरण, उपासमार, ताप. फिट बळावायला जे जे लागतं ते सगळं त्या गावात हजर होतं. आणि हातात सुरी घेऊन उभं राहणाऱ्या सर्जनला फिट येत असतील तर आजच्या कोणत्याही रुग्णालयात त्याला टेबलापासून दूर ठेवतील, त्याच्या आणि रुग्णाच्याही भल्यासाठी. तिथे दुसरा माणूस नव्हता म्हणून हे चाललं.

८ डिसेंबर १९४२च्या संध्याकाळी फिट आली, मग रात्रभर पुन्हा पुन्हा. ९ डिसेंबरच्या पहाटे ते गेले. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. एकामागून एक फिट येतात आणि मधे शुद्ध येत नाही, या अवस्थेत शरीराचा ऑक्सिजनचा आणि साखरेचा खर्च अफाट वाढतो, रक्त आम्लधर्मी होतं, ताप चढतो, घशातला स्राव फुप्फुसात उतरतो. आज यावर पहिलं औषध लोराझेपाम किंवा मिडाझोलाम. या वर्गातली औषधं १९६०नंतरची. १९४२मध्ये मोठ्या शहरात पॅराल्डिहाइड किंवा शिरेतून फेनोबार्बिटोन देऊन पाहिलं असतं, नाहीतर थेट ईथरची भूल. पर्वतातल्या गावात हातात फारसं काही नव्हतं.

विषय निघालाच आहे तर दोन ओळी कामाच्या. फिट आलेल्या माणसाला कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, तोंडात चमचा घालू नये, हात-पाय दाबून धरू नयेत. डोक्याखाली मऊ काहीतरी द्यावं, झटके ओसरले की कुशीवर वळवावं, घड्याळ बघावं. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली किंवा शुद्ध येण्याआधी दुसरी आली तर ताबडतोब दवाखाना. नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा आता आपल्याकडे मिळतो. घरात रुग्ण असेल तर डॉक्टरांना विचारून आणून ठेवावा. आणि ‘आता वर्षभर आली नाही’ म्हणून गोळी मनानेच बंद करू नये. बंद करायची पद्धत असते, ती महिनोन्महिन्यांची.

मृत्यूनंतर माओंनी लिहिलेल्या शोकसंदेशाचा आशय असा की सैन्याने एक आधाराचा हात गमावला आणि राष्ट्राने एक मित्र. पण घराचं काय झालं ते आपल्याकडे कमी सांगितलं जातं. गुओ छिंगलान यांनी मुलाला वाढवलं, तोही वैद्यकीय शिक्षणाला गेला, आणि १९६७मध्ये, डॉक्टर व्हायच्या उंबरठ्यावर असताना, वारला. वैद्यकीय हलगर्जीमुळे, असं नोंदलेलं आहे. गुओ पुढे अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या, आणि २०१२मध्ये दालियानमध्ये ९६व्या वर्षी गेल्या. सत्तर वर्षं त्यांनी हे नातं दोन्ही बाजूंनी धरून ठेवलं. पुतळा त्यांचाही असायला हरकत नव्हती.

चीनने १९८२मध्ये कोटणिसांवर तिकिटं काढली, भारताने १९९३मध्ये. चिनी लोकांनी २००९मध्ये इंटरनेटवरून निवडलेल्या दहा परदेशी मित्रांत बेथ्यूनबरोबर त्यांचंही नाव होतं. त्यांची समाधी शिच्याच्वांग शहरातल्या उत्तर चीन हुतात्मा स्मशानभूमीत आहे. बेजिंगहून वेगवान रेल्वेने हे अंतर साधारण सव्वा तासाचं, आणि स्मशानभूमी शहरातच आहे. बेथ्यूनची समाधी त्याच आवारात. बेथ्यूनच्या नावाचं ते रुग्णालयही आता त्याच शहरात, मोठं लष्करी रुग्णालय म्हणून चालू आहे. जायचं तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, छिंगमिंगच्या सुमारास जावं. पितरांच्या समाध्या झाडून फुलं वाहायचा तो सण, तेव्हा शाळांच्या रांगा असतात आणि दगडावरची चिनी अक्षरं वाचून दाखवणारा कुणीतरी भेटतो. सोलापुरात भैय्या चौकातलं त्यांचं घर महापालिकेने स्मारक केलंय, ते २०१२मध्ये खुलं झालं. सिद्धेश्वराचं दर्शन आणि चादरींची खरेदी यांच्या मधे तासभर काढला तर पाहून होतं.